उगवतीची आग

आग खालून वर जाते. हे कळायला शाळा लागत नाय, चूल पेटवलेल्या कुठल्याही बाईला विचारा. आधी बुडाला लाल, मग धूर, मग वास, मग डोळे चुरचुरतात. त्या संध्याकाळी ह्यातलं काहीच नव्हतं. नुसतं लाल होतं, अन् तेही वर, आभाळात. पण त्या दिवसांत आमच्या गावात डोळे होते कोणाला? सगळ्यांना नुसते हात होते.

मी बायजा. नवरा बाबाजी जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगा अल्पेश, बंदरावर डंपर चालवतो. पोरगी अमिषा, खाडीपलीकडच्या गावात दिलेली. दिलेली कसली, तिनंच ठरवलं अन् आम्ही अक्षता टाकल्या. जावई विनेश. खाडीत चिंबोऱ्यांचे, म्हणजे खेकड्यांचे पिंजरे लावतो, बाकीचा वेळ अलिबागला एका शेठच्या बंगल्याची बाग बघतो. बोलणं कमी, कोणाच्या अध्यात नाय की मध्यात नाय. माझ्या हातचं कालवण वाटीला तोंड लावून ओरपायचा. असा खाणारा माणूस मला आवडतो, म्हणून तोही आवडायचा. त्यात लपवायचं काय?

आमची शेती खारातली, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतली. एका अंगाला खाडी, मध्ये मातीचा बांध, अन् बांधाला उघाडी, म्हणजे पाणी अडवायची लाकडी दारं. भरतीला दारं बंद, ओहोटीला उघडी, एवढंच त्यातलं शास्त्र. मागच्या श्रावणात मोठ्या उधाणाला बांध फुटला अन् खारं पाणी निम्म्या शेतांत शिरलं. एकदा ते शिरलं की दोन-तीन पावसाळे त्या जमिनीला भाताचं नाव नको. आमचं गाव म्हणालं, पलीकडच्यांनी कोळंबीच्या तळ्यांसाठी बांध कापला. ते म्हणाले, तुमचीच दारं कुजकी होती. खरं काय ते कोणाला ठाऊक? मला तरी नाय.

मग उघाडीवर जे झालं त्याला भांडण म्हणत नायत. पहारी, फावडी, होडीची वल्ही, ज्याच्या हाताला जे लागलं ते. माझा धाकटा दीर नामा, त्याच्या डोक्यात वल्हं बसलं अन् कानाची पाळी फाटून मानेवर लोंबायला लागली. एका हातानं ती पाळी धरून त्यानं दुसऱ्या हातातल्या पहारीनं पलीकडच्या एकाचा गुडघा फोडला. तो माणूस आजही काठीवर चालतो. पोलिसांनी दोन्हीकडची पोरं उचलली, नंतर सोडली. नामाचा कान शिवला, पण वाकडाच बसला. अन् त्या कानापायी तो गावचा पुढारी झाला. आधी त्याला गणपतीच्या वर्गणीला पण कोणी विचारत नव्हतं.

यंदा जी शेतं वाचली होती त्यांतच काय ते पिकलं. खारातल्या चिखलात कापणीचं मशीन रुततं, म्हणून आम्ही अजून विळ्यानंच कापतो. कापलेल्या भाऱ्यांची उडवी रचतो. कणसं आत, बुडखे बाहेर, अशी गोल रास, माणसाच्या दुप्पट उंच. झोडणी होईपर्यंत गावाच्या सगळ्या उडव्या एकाच खळ्यावर उभ्या असतात, गावाच्या उगवतीला, बांधाच्या टोकाशी, तिथं जमीन जरा वर हाय. म्हणजे गावाचं सगळं वर्ष एका काडीच्या भरवशावर. गवताची काडी नव्हं, माचिसची.

दिवाळी झाल्यावर गावकी बसली. नामानं ठराव मांडला. देवळासमोरचं रिकामं पिंप वाजलं की घरटी एक माणूस खळ्यावर धावायचा. दिवेलागणीनंतर पलीकडचा कोणी तिथं दिसला की आधी हाणायचं, मग विचारायचं. सगळ्यांनी हात वर केले. मी बायकांच्या घोळक्यातून उठले अन् विचारलं, माझा जावई पलीकडचा हाय, त्याचं काय करणार? नामा माझ्याकडं न बघता म्हणाला, जावयानं देवळासमोरच्या रस्त्यानं यावं, दिवसाउजेडी, पावण्यासारखं. पुरुष हसले. अल्पेश पण हसला.

मी विनेशला फोन करून चांगला दम दिला. बांधावरून यायचं नाय, रस्त्यानं ये, नायतर येऊच नको. त्यानं हसण्यावारी नेलं. म्हणाला, आई, बांधावरून तुमचं घर समोर दिसतं अन् रस्त्यानं सगळ्या खाडीला वळसा घालायचा, तेवढ्यात चिंबोऱ्या मरतात. अन् मला कोण मारतंय, सगळे मला ओळखतात. त्याचं हेच चुकलं. ओळख दिवसाची असते.

आता त्या दिवसाचं ऐका. समुद्रात लांब कुठंतरी वादळ फिरत होतं. आमच्याकडं वारा नाय, पाऊस नाय, नुसतं आभाळ सकाळपासून राखेच्या रंगाचं अन् हवा घामट. भिजलं तर भात उडवीतच उगवतो, म्हणून पुरुष दिवसभर ताडपत्र्या ओढत होते अन् एकमेकांवर खेकसत होते. त्यात सकाळीच नाक्यावर पलीकडच्या तिघांनी अल्पेशला पेट्रोलच्या रांगेत गाठलं. एकानं मागून हात धरले, दोघांनी तोंडावर बुक्के घातले. पोरगा घरी आला तो ओठ फाटलेला, पुढचा दात हलतोय, शर्टावर रक्त. मी हळद भरायला गेले तर माझा हात झटकला. भिंतीचा कोयता काढून पाट्यावर घासायला बसला.

तो मोरीत गेला तसा मी कोयता उचलला अन् तांदळाच्या कोठीमागं टाकला. बाहेर येऊन त्यानं शोधला. मला विचारलं. मी म्हटलं, तुझ्या बापाचा कोयता हाय, त्याच्याकडं माग. त्यानं मला अशी शिवी दिली की बाबाजी असता तर थोबाडीत बसली असती. मग उंबऱ्याजवळचा जाडा दांडका घेऊन तो बाहेर गेला. त्या दिवशी मी एवढं एकच शहाणपणाचं काम केलं.

दिवस बुडायच्या सुमाराला मी ओसरीवर भाजी निवडत होते. सूर्य दिवसभर दिसला नव्हता, तेव्हाही दिसला नाय. आमच्या आळीतून मावळत दिसतच नाय, तिकडं माडांची वाडी अन् नवे बंगले. दिसतं ते समोरचं, उगवतीचं, शेतं, खळं अन् लांबचे डोंगर. एकाएकी माझ्या हातातली भाजी तांबडी दिसायला लागली. मान वर केली तर उडव्यांच्या मागं सगळं लालभडक. अन् देवळापाशी पिंप वाजायला लागलं.

"उडव्या पेटल्या!" कोणीतरी ओरडलं. मग सगळी आळी तेच ओरडत सुटली.

मी खोटं कशाला बोलू, मलाही आग वाटली. आमच्या जन्मात संध्याकाळचा लाल रंग म्हणजे समुद्राकडचा, पाठीमागचा. तिन्हीसांजेला खळ्याच्या बाजूला लाल दिसलं तर दुसरं काय असणार? मी कळशी उचलली अन् पळाले. बायका बादल्या घेऊन पळत होत्या, पुरुष दांडके घेऊन. आग विझवायला दांडका कशाला लागतो, हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाय, माझ्याही नाय. नामा पुढं होता अन् अल्पेश त्याच्याही पुढं.

अर्ध्या वाटेवर मला दम लागला. वय झालं, कळशी भरलेली. थांबले अन् बघितलं, तर लाल हललं होतं. खालची कड काळपट निळी झाली होती अन् लाल तिच्यावर चढलं होतं. बघता बघता त्याचं गुलाबी झालं. उडव्या त्याच्यासमोर काळ्या, सरळ उभ्या. धूर नाय. जळक्या पेंढ्याचा वास नाय. एक ठिणगी नाय. पेटलेली उडवी अशी गुमान रंग बदलत निवत नाय हो, ती फुटते, उडते, गाव जागवते.

तेव्हा मला अमिषाची बरणी आठवली. ती अलिबागला कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. एकदा सुट्टीत आली अन् काचेच्या बरणीत पाणी भरून त्यात माझं चहाचं दूध चमचाभर ओतलं. मी ओरडले, तर म्हणाली, गप बस आई, आभाळ दाखवते. बरणीमागून टॉर्च लावली. बाजूनं बघितलं तर पाणी निळसर, अन् समोरून बघितलं तर टॉर्च नारिंगी. तिनं समजावलं ते असं, की उन्हात सगळेच रंग असतात. हवेतून येताना निळा चटकन विखरून जातो, म्हणून दिवसा जिकडंतिकडं निळं दिसतं. सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं येतं, त्याला हवेतून लांब चालावं लागतं, निळा वाटेतच सांडतो अन् शेवटी पोचतो तो तांबडा. ढग दाट असले की सगळंच राखाडी. अन् मावळतीला ढगाखाली जराशी फट राहिली तर तो तांबडा उजेड सगळं आभाळ ओलांडून उगवतीच्या ढगांना जाऊन लागतो. मी म्हटलं, माझ्या दुधाचे पैसे कोण देणार, तुझा सूर्य? अल्पेश तिथंच बसला होता. तो टॉर्च चालू-बंद करून तिला सतावत होता.

मी मागं वळले. माडांच्या खोडांमधून, ढगाच्या खाली, एक अरुंद नारिंगी चीर दिसत होती. मग मी कळशी टाकून दिली अन् ओरडत पळाले. आग नाय, आभाळ हाय, अरे ऊन हाय ते. जिवाच्या आकांतानं ओरडले. पिंप वाजत होतं, माणसं गुरासारखी ओरडत होती, माझं ऐकतंय कोण? अन् तेवढ्यात पुढून आवाज आला, सापडला, सापडला.

खळ्यावर पोचले तेव्हा पुरुषांचं कडं झालं होतं. आत कोणी दिसत नव्हतं, नुसते वर जाणारे अन् खाली येणारे हात. दांडका हाडावर बसतो तेव्हा सुकं लाकूड फोडल्याचा आवाज येतो अन् पोटात बसतो तेव्हा ओल्या गोणपाटाचा. दोन्ही आवाज येत होते. कोणीतरी बुटानं तोंडावर लाथा घालत होता अन् प्रत्येक लाथेला बांधाच्या नावानं शिवी देत होता. खालचा माणूस "आई, आई" करत होता. मार खाणारा प्रत्येक जण आई म्हणतो, म्हणून कोणी लक्ष दिलं नाय. पण तो मला हाक मारत होता.

आवाज ओळखला तशी मी आत घुसले. एकाचा हात चावले, एकाचे केस धरून मागं ओढला. माझ्या खांद्यावर दांडका बसला अन् डावा हात मेल्यासारखा लटकला. मी विनेशच्या अंगावर आडवी पडले. तोंड कुठलं, नाक कुठलं कळत नव्हतं. एक डोळा नव्हताच, तिथं चिखल अन् रक्त. माझ्या पाठीत आणखी दोन बसले, मग कोणीतरी मोबाइलचा उजेड टाकला.

दांडका उचललेला अल्पेश माझ्या डोक्यावर उभा होता.

"दाजी?" तो म्हणाला.

एवढंच. हात वरचा वरच राहिला. नंतर कळलं, पहिला तडाखा त्याचाच, मागून, डोक्यात. विनेश पाठमोरा होता, उडवीला वळसा घालत होता, हातात पांढरा कॅन. अल्पेशनं कॅन बघितला, बाकी काही बघितलं नाय. पहिला बसल्यावर बाकीच्यांना कोणी बोलवावं लागलं नाय.

सगळे हळूहळू मागं सरले. कोणी उडव्यांकडं बघितलं, कोणी आभाळाकडं. आभाळ पार राखाडी झालं होतं, त्यातलं गुलाबी पण गेलं होतं. उडव्या सगळ्या उभ्या. एक काडी जळालेली नाय. नामानं पायानं कॅन पुढं लोटला अन् म्हणाला, रॉकेल घेऊन आला होता, बघा. मी गुडघ्यावर सरकत गेले, कॅन उचलला, सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला अन् एक घोट प्याले. खाडीचं पाणी. खारट, गढूळ.

"तो विझवायला आला होता," मी म्हटलं. "तुमच्या आधी आला होता."

मागाहून कळलं, उघाडीपाशी तो पिंजरे काढत होता. पिंप ऐकलं, उडव्यांमागं लाल बघितलं, चिंबोऱ्या खाडीत ओतल्या, कॅन पाण्यानं भरला अन् बांधावरून पळत सुटला. सगळं गाव चुकलं तसाच तोही चुकला. पण तो पाणी घेऊन पळाला अन् हे दांडके घेऊन. मला अजून झोपेत सुद्धा ह्याचाच संताप येतो.

पोरांनी त्याला ताडपत्रीत घातला अन् रस्त्यावर टेम्पो होता तिकडं न्यायला उचलला. श्वास चालू होता, घरघर वाजत होता. मी त्याच्याबरोबर निघाले होते. माझा पाय निघाला होता, शपथेवर सांगते. तेवढ्यात मागं नामाचं बोलणं कानावर आलं. तो पुरुषांना समजावत होता, अगदी शांत आवाजात, लग्नाची बोलणी करावीत तसं. म्हणे, हा मेला तर गावातली निम्मी पोरं आत जाणार. उडव्या साबूत दिसल्या तर आपण खुनी. एक जरी जळालेली दिसली तर त्यानं आग लावली अन् आपण पकडला, मग कोण काय करतंय? एकच उडवी. लोक माना हलवायला लागले. एक जण मोटरसायकलमधून बाटलीत पेट्रोल काढायला पण गेला.

मी माझ्या जावेला, नामाच्या बायकोला, कल्पिताला विनेशबरोबर पाठवलं. तिला म्हटलं, त्याचं डोकं मांडीवर घे अन् त्याच्याशी बोलत राहा, अमिषाला फोन कर. ती रडत गेली. अन् मी खळ्यावर परत फिरले. जावई तिकडं मरत होता अन् मी गवताच्या राशीपाशी उभी राहिले. हे कोणाला कळेल की नाय मला ठाऊक नाय. त्याचा जीव माझ्या हातात नव्हता, डॉक्टरच्या होता. त्याचं नाव मात्र माझ्या हातात होतं. तो मेला असता तरी आग लावणारा म्हणून मरू द्यायचा नव्हता, अन् जगला तर माझ्या पोरीनं आगलाव्याची बायको म्हणून जगायचं नव्हतं.

नामा जवळ आला. हलक्या आवाजात म्हणाला, वैनी, पोरगा तुझा वाचतोय, तर उडवी तुझीच जाऊ दे, गावाला झळ नको. बाटली अन् लायटर त्यानं अल्पेशच्या हातात दिले. अल्पेशचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. तो पेट्रोल टाकायला लागला, यंत्रागत, आमच्याच उडवीच्या बुडाशी. नामानं सांगितलं की करायचं, एवढंच त्याच्यात उरलं होतं.

मी उडवीला पाठ लावून उभी राहिले.

"मारलंस ते चुकून मारलंस," मी त्याला म्हटलं. "हे पेटवशील ते जाणून पेटवशील. त्या मारणाऱ्याची मी आई हाय. ह्या पेटवणाऱ्याची नाय."

त्याचा लायटर पेटेना. अंगठा रक्तानं निसटत होता की मुद्दाम पेटवत नव्हता, देव जाणे. नामानं त्याला ढकललं, लायटर हिसकावला अन् स्वतः वाकला. माझ्या पायाशी दांडका पडला होता, चिकट, विनेशच्या रक्तानं माखलेला. उजवा हात माझा धड होता. मी सगळा जोर लावून नामाच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. तो बैलासारखा ओरडला अन् लोळला, पण लायटर पेटला होता, बुडाशी भप्पकन जाळ उठला. आता खरी आग होती. खालून वर, धुरासकट.

माणसं माझ्यावर धावली. एकानं मला गळ्याला धरून बाजूला भिरकावलं, डोकं आपटलं, तोंडात माती गेली. मी पडल्या पडल्या दांडका फिरवत होते अन् तोंडाला येईल ते बोलत होते. बाबाजीच्या मागं इतकी वर्षं गिळलेलं सगळं त्या संध्याकाळी बाहेर आलं. कोणाच्या नडगीवर बसलं, कोणाच्या ढोपरावर. मग धुरातून मला अल्पेश दिसला. त्यानं विनेशचा कॅन उचलला अन् जाळावर ओतला. राहिलेला जाळ तळहातांनी थापटत राहिला, कातडी सोलली तरी थांबला नाय. नामाचा एक माणूस त्याला ओढायला गेला, तर अल्पेशनं त्याच्या तोंडावर असा बुक्का मारला की तो मागच्या मागं बांधाच्या उतारावरून गडगडत गेला. मग कोणी पुढं आलं नाय.

उडवीला एका बाजूनं हातभर काळं झालं, बाकी उभी राहिली. मी बसल्या जागेवरून पोलिसांना फोन लावला. तिकडून विचारलं, काय झालंय, कुठून बोलताय. मी गावाचं नाव सांगितलं अन् म्हटलं, "माझ्या पोरानं माझ्या जावयाला मारलंय. माझ्या दिरानं उडवी पेटवलीय. दोघं इथंच हायत, या." अल्पेश समोर बसून ऐकत होता. पळायला भरपूर वेळ होता, अख्खा खार मोकळा होता. तो पळाला नाय. मी पण त्याला पळ म्हटलं नाय, अन् ते न म्हणताना माझं काय झालं ते मीच जाणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अलिबागला दवाखान्यात गेले, हात झोळीत. अमिषा बाहेरच्या बाकड्यावर होती. मला बघून उठली अन् मला मारायला लागली. छातीवर, तोंडावर, मोडक्या खांद्यावर, मुठी वळून. नवऱ्यासाठी मारत होती, भावाला आत घातलं म्हणून मारत होती, सगळंच त्यात होतं. नर्स सोडवायला आल्या. मी त्यांना म्हटलं, असू दे. दमली तेव्हा माझ्याच अंगावर कोसळली. म्हणाली, एक डोळा गेला, जीव वाचला.

मला आत सोडलं. विनेशचं डोकं भोपळ्याएवढं सुजलं होतं, नळ्या लावलेल्या, उघड्या डोळ्याची नुसती फट. अल्पेशनं मारलं हे त्याला ठाऊक होतं की नाय, मी विचारलं नाय. मी त्याच्या पायाला हात लावला. त्याचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. काय म्हणाला ते ऐकलं, उत्तर दिलं, अन् मग मला तिथं उभं राहवेना.

दुपारी मी डबा घेऊन चौकीवर गेले. अल्पेश कोठडीत भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही तळहातांना पट्ट्या. मला बघताच गजापाशी आला. रात्रभर झोपला नव्हता. त्यानं पहिलं हेच विचारलं, दाजी जगला काय? मी सांगितलं, जगला, डोळा गेला. मग तो मागंच लागला, दाजी माझ्याबद्दल काय बोलला? शिव्या घातल्या ना? काय म्हणाला ते सांग, आई, जसंच्या तसं सांग. शिव्यांसाठी भुकेला झाला होता पोरगा. दोन शिव्या ऐकल्या असत्या तर त्याला घोटभर पाणी तरी गेलं असतं.

मला खोटं बोलता आलं असतं. नाय बोलले.

"तुझं नाव काढलं नाय," मी म्हटलं. "एवढंच विचारलं, आई, उडव्या वाचल्या काय?"

अल्पेश वळला अन् कोठडीच्या भिंतीवर डोकं आपटायला लागला. एकदा, दोनदा, आवाज बाहेरच्या खोलीत जाईल असं. शिपाई कुलूप काढत आत धावले, दोघांनी त्याला कमरेला धरलं तरी तो आपटतच होता, कपाळ फुटून रक्त भुवईवरून उतरत होतं. माझंच पोर ते. तरी मी त्याला थांब म्हटलं नाय. त्यांनी त्याला खाली बसवेपर्यंत मी गज धरून तिथंच उभी राहिले.

मग खाली बसले, डबा उघडला. त्याच्या हाताला पट्ट्या होत्या, म्हणून भात मीच कालवला.